भुताच्या हातातलं घड्याळ

गंधार,

रात्रपाळी करून झोपलायस म्हणून उठवलं नाही. मी डॉक्टरांना भेटून येते. बाबाही आत झोपलेत. दाराला बाहेरून कुलूप लावलंय. उठलास की आमटी गरम कर, त्यांना भात मऊ कालवून दे.

आणि टीव्हीचा तो पेन ड्राइव्ह काढून कुठेतरी दडव. तुमचे ते ऐंशी सालातले स्वस्तातले भुताचे पिक्चर मला जन्मात आवडले नाहीत. रबराचा मुखवटा घातलेलं भूत, त्यात बघायचं काय? पण दर रविवारी तुम्ही दोघं पोट धरून हसायचात. भुताच्या हातातलं घड्याळ आधी कोणाला दिसतं, यावर पैज लावायचात. म्हटलं, त्यातलाच एक लावावा, निदान आज तरी हसतील.

बाबा सोफ्यामागे जाऊन लपले रे. मी पिक्चर थांबवला, पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, "अहो, हे बघा घड्याळ! तुम्हीच नाही का दाखवायचात?"

त्यांनी घड्याळ नीट पाहिलं. म्हणाले, "साडेपाच झाले. गंधारची शाळा सुटली असेल. त्याला घरात येऊ देऊ नका."

मग दमून डोळे मिटेपर्यंत दाराला पाठ लावून उभे होते.

उठल्यावर ते तुला गंधारबद्दल विचारतील. 'मीच गंधार' असं पटवत बसू नकोस. तो आजीकडे सुखरूप आहे म्हणून सांग.

आई