कोहळ्यावरचा पहिला घाव

३१ ऑक्टोबर २००८, देवरी

पुण्याच्या धाकट्या जावेनं दिवाळीला येताना मुलांसाठी हॅलोविनचं चित्रांचं पुस्तक आणलं. दुपारी तेच मी माझ्या आणि तिच्या पोराला वाचून दाखवत होते. दोघंही चिकटून ऐकत होते. तिनं येऊन पुस्तक हातातून ओढलं. "राहू द्या ताई, मुलांचे उच्चार बिघडतात." पोरांसमोर!

मग स्वतः वाचलं. शेवटच्या पानावर तोंड कोरलेलं कोहळं, तिच्या भाषेत लाल भोपळा, आत दिवा. पोरांनी हट्ट धरला, आपणही करू. ओसरीवर अख्खं कोहळं होतंच. तिनं सुरी मागितली.

आमच्याकडे अख्खं कोहळं बाई कापत नाही. ते थोरल्या मुलासारखं, पहिला घाव पुरुषानंच घालायचा. तिला सांगायला हवं होतं का? हातातून ओढलेलं पुस्तक आठवलं. धार बघून सुरी दिली.

घाव बसला तशा सासूबाई ओरडल्या, "काऊन वो, पोटचा पोरगा कापून राहिली का?" शेजारणी धावल्या. ती रडत खोलीत गेली.

पुस्तक ओसरीवरच पडलेलं. मी उचललं, तिच्याच दाराशी पोरांना घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचलं. मोठ्यानं. माझ्याच उच्चारांत.