नाही म्हणायला ये

नागपूर, ता. १२ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. रंभास सत्यशीलेचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण पानातच राहिलं. आपल्या मारोतरावाची कांता तू तुझ्या नरहरीला करणार! का, तर मामाची मुलगी हक्काची आणि भाऊ रुसायला नको. तुलाही आत्याकडेच दिली होती. तीन लेकरांतलं एक उरलं, हे विसरलीस?

कॉलेजच्या उंदीरघरात मी सतरा वर्षं पांढरे उंदीर सांभाळते. काही पिंजऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणीचीच जोडी लावतात. त्यांना पिल्लं कमी होतात, कितीक माद्यांना होतच नाहीत. साथ आली की अख्खा पिंजरा आठवड्यात रिकामा. शेजारच्या, वेगवेगळ्या घरट्यांतल्या जोड्यांच्या पिंजऱ्यातले निम्मे मात्र पुन्हा दाणे खाऊ लागतात. आमचे डॉक्टर सांगतात, रोगाशी लढायचं बळ आईबापांकडून येतं. ते निरनिराळं असलं तर काही जण तगतात, आणि त्यांचाच वंश पुढे जातो. सगळ्यांचं एकसारखं असलं, तर एकच रोग सगळ्यांना नेतो.

मादीला मोकळी सोडली तर आपल्याच घरट्यातल्या नराला हुंगून ती पाठ फिरवते, हे मी कितीदा पाहिलंय. तिला कळतं, तुला कळू नये?

हे लग्न मोड. रागावले आहे, पण माया तीच आहे.

तुझी अक्का

भिलाई, सेक्टर १०, ता. २१ फेब्रुवारी

ती. अक्कास रंभाचा शि. सा. न.

माह्या मेलेल्या लेकरायची गिनती तू उंदरात केली?

आत्याच्या घरी पहिले तुले मागितलं होतं. तू ननच्या शाळेत होती. परीक्षा आहे म्हणून पत्र धाडलं अन् आलीच नाही. इकडं हळद कालवून ठेवली होती. बाबा म्हणाले, मोठी नाही तर धाकटी. मी पंधरा वर्षांची. तवा तुले कोणी उंदीर दाखवले नव्हते, तरी तू पाठ फिरवली. मले कोणी हुंगू देलं?

नरहरीचे बाबा भले माणूस आहेत, त्यायचा दोष नाही. पण दोन लेकरं तापानं गेली, तवा सासू, आपलीच आत्या, मलेच पांढऱ्या पायाची म्हणे. तवाबी तू पत्रच लिहून राहिली होती.

नरहरी म्हणते, कांता मले बहिणीसारखी. मलेबी हे लगन नको. पण भावाले नाही म्हणाचं कोणं? तो शब्द मी जन्मात काढला नाही. मार्चच्या चार तारखेले, रविवारी, मारोतराव सुपारी घेऊन येऊन राहिले.

आता पत्र नको. नाही म्हणाले ये.

रागातच, पण तुझीच रंभा

नागपूर, ता. २६ फेब्रुवारी

चि. रंभा,

हळद कालवली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही तीस वर्षांत विचारलं नाही.

शनिवारी पॅसेंजरनं दुर्गला उतरते, नरहरीला स्टेशनवर पाठव. मारोतरावाला उंदीर सांगणार नाही. मी नाही म्हटलं ते तुझ्या अंगावर आलं, आणि आता ते कांतेच्या अंगावर जाऊ देणार नाही, हे त्याच्या तोंडावर सांगेन. त्याला रुसायचं तर माझ्यावर रुसू दे.

पण माझं बोलून झालं की तूही एकदा नाही म्हण. हळू म्हटलंस तरी चालेल. मी शेजारी बसलेली असेन.

तुझ्या रागावरही जीव असलेली,
अक्का