थॅडियस टॉलिव्हर यास मोकळे करण्याबाबत

मी, अर्नेस्टाइन टॉलिव्हर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार हॅरोज क्रीक, अलाबामा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगत आहे आणि वकीलबाई रोझालिन पिंकस्टन ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. आतली गाठ आता कापण्यापलीकडे गेली आहे, उन्हाळ्यानंतरचे बेत करू नका, असे डॉक्टरांनी नाताळाआधी सांगितले. हे आजवर माझी बहीण ओपल आणि वकीलबाई या दोघींनाच माहीत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या गावात जन्मायचा आहे. वकीलबाईंच्या मते या वाक्याची गरज नाही, पण ते राहावे.

कलम एक. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तसे वाचायचे नाही. येत्या शनिवारी माझा नातू थॅडियस घरी येईल तेव्हा जेवणे आटोपल्यावर वकीलबाईंनी ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. मी तिथेच बसलेली असेन. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही जिवंत असेपर्यंत कायद्याने याला काडीची किंमत नाही.” मी म्हटले, “कायद्याचं राहू द्या. पोराच्या कानावर पडलं म्हणजे झालं.” घाई एवढ्यासाठी, की कॉलेजचे शेवटचे वर्ष सोडून व्यावसायिक फुटबॉल संघांच्या निवडीसाठी नाव द्यायचे की नाही, हे त्याला सोमवारपर्यंत ठरवायचे आहे.

कलम दोन. राहते घर, मागचे पेकानचे झाड आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी लोरेटा, म्हणजे थॅडियसची आई, हिला द्यावे. ती बर्मिंगहॅमला बस चालवते. थॅडियस लहान असताना तिच्या पाळ्या रात्रीच्या असत, म्हणून तो माझ्याकडे वाढला. त्यात तिचा दोष नव्हता आणि कोणी तसे म्हणू नये. व्यावसायिक झालेला जो तो मुलगा पहिल्या पगारात घरच्या बाईला नवे घर घेऊन देतो आणि ती टीव्हीवर रडते. थॅडियसच्याही मनात तसे आहे. मला नवे घर नको. याच घरात माझ्या वॉल्टरने डोळे मिटले आणि मीही इथेच मिटणार. पुढच्या पायऱ्या तेवढ्या दुरुस्त कराव्यात.

कलम तीन. आमच्या आईचा बिडाचा तवा ओपलकडे आहे. आईला पुरले त्या दिवशी तिने तो टॉवेलात गुंडाळून नेला, आणि तो माझा आहे असे मी तेव्हापासून दर सणाला तिला ऐकवत आले. आता तो मी तिला देते. जे तिच्याकडे आहेच ते देण्याचा मोठेपणा निदान माझ्या पदरात पडावा. मात्र ती त्यात मक्याचा पाव करताना साखर घालते, ते या तव्यात चालणार नाही. साखरच घालायची तर केक करावा.

कलम चार. शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या आणि दोऱ्यांचा डबा गावातल्या शाळेच्या बँडला द्यावा. याला कारण आहे. थॅडियसला फुटबॉल खेळायचाच नव्हता. त्याला बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा होता. पण चौदाव्या वर्षी त्याच्या अंगाला बसेल असा गणवेश शाळेत नव्हता, म्हणून मी दोन गणवेश उसवून त्यांचा एक केला. त्या वर्षीच्या मिरवणुकीत फुटबॉलचे कोच बुकर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मिस अर्नेस्टाइन, तुमचा नातू ट्रॉम्बोन वाजवतोय, का ट्रॉम्बोनला टेकू देतोय?”

मी म्हटले, “वाजवतोय. तुम्हाला ऐकू येत नसेल तर कान दाखवा.”

“उद्या मैदानावर पाठवा त्याला. माझ्याकडे त्याच्या मापाचा सदरा आहे.”

पोराला कोणीतरी आपण होऊन त्याच्या मापाचे कापड देऊ केले, ही पहिलीच वेळ. तो गेला आणि पुढच्या रांगेत उभा राहिला. त्या रांगेतल्या मुलांच्या हाती चेंडू येत नाही. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या मुलाला वाट मिळावी म्हणून समोरून येणाऱ्यांना अंगावर घेऊन थोपवायचे, एवढेच त्यांचे काम. लाउडस्पीकरवर त्यांचे नाव आले तर समजावे, काहीतरी चुकले. मी सुरुवातीला चेंडूकडे बघत बसे आणि मला खेळ कळत नसे. मग मी फक्त त्याच्याकडे बघू लागले. समोरच्याला आडवा केल्यावर त्याला हात देऊन उठवतोही हाच. ते मी त्याला शिकवले नव्हते. ट्रॉम्बोन त्याच्या खोलीत पलंगाखाली आहे, तो त्याचा त्याने घ्यावा.

कलम पाच. पिवळा पोशाख आणि त्याच्यावरची टोपी. विद्यापीठात रीत अशी आहे, की शेवटच्या वर्षाच्या मुलांना घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी एकेक करून बोलावतात. ज्याने वाढवले त्याचा हात धरून मुलगा मैदानाच्या मधोमध चालत येतो आणि दोघांची नावे पुकारली जातात. पुढच्या रांगेतल्या मुलाचे नाव काही चूक नसताना पुकारले जाते असा तो एकच दिवस. थॅडियस कॉलेजला निघाला तेव्हा याच घराच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, “बिग मामा, त्या दिवशी माझ्याबरोबर तू चालायचंस. झकास टोपी घालून ये.” मी त्याच आठवड्यात कापड आणले. टोपीचा काठ इतका रुंद केला, की चर्चमध्ये मागच्या बाकावरच्याला उपदेशक दिसू नये. तो दिवस यायला अजून एक हंगाम आहे. नोव्हेंबरात.

कलम सहा. निळा सूट. तो थॅडियससाठी शिवला असून दाराच्या मागे टांगला आहे. नाताळात त्याचे माप घेताना जे बोलणे झाले ते वकीलबाईंनी जसेच्या तसे लिहावे.

“हात वर कर.”

“केलाय की.”

“हा वर? हा तर शेजारणीला रामराम करतोय. उजवा म्हणते मी.”

“आखडलाय जरा. झोपेत अंगाखाली आला.”

“ही झोप ऑक्टोबरपासून चाललीय का? टीव्हीवर दिसतं मला.”

तो हसला आणि फीत माझ्या हातातून घेऊन उगाच गुंडाळत बसला. मग म्हणाला, “डॉक्टर म्हणालेत, विश्रांतीने येईल ठिकाणावर. सगळ्यांचंच काही ना काही दुखतं, बिग मामा.”

“सगळ्यांचे सूट मी शिवत नाही.”

उजव्या खांद्याला मी कापड सैल ठेवले आहे. वरून कळणार नाही.

कलम सात. हे कलम मी आधी वेगळे सांगितले होते. त्यात थॅडियसने कॉलेज पुरे करावे अशी माझी इच्छा लिहिली होती. ते रद्द समजावे. नव्या वर्षाच्या जेवणानंतर ओपल माझ्याबरोबर चवळीची भांडी घासत होती, तेव्हाच्या बोलण्यामुळे ते रद्द केले.

ओपल म्हणाली, “तुझा नातू राहतोय म्हणे आणखी एक वर्ष.”

“पदवीसाठी. सगळ्यांना तेच सांगतोय.”

“सगळ्यांना. मला काय म्हणाला सांगू? म्हणाला, ‘ओपल आजी, कोच म्हणतात जा, आई म्हणते जा, खांदासुद्धा म्हणतो जा. पण बिग मामाला मैदानावर चालवल्याशिवाय मी हलत नाही. तिने टोपी करून ठेवलीय.’”

ओपलने नळ बंद केला आणि म्हणाली, “अर्नेस्टाइन, नोव्हेंबरात तू असणार नाहीस. पोर कोणासाठी थांबतंय?”

ओपल आयुष्यात फार वेळा बरोबर नव्हती. या वेळी होती.

वकीलबाई, इथे ‘सदर नातू’ असे लिहू नका. थॅडियस, ऐक. मला तो दिवस हवा होता. पोटातल्या गाठीने मी रडले नाही, त्या टोपीकडे बघून रडले. पण जिथे मी नसणार तिथे माझा हात धरायला म्हणून तू एक वर्ष त्या खांद्याने माणसे थोपवत उभा राहावेस, हे मला कबरीतही झोपू देणार नाही. तू दिलेल्या शब्दातून मी तुला मोकळा करते. शब्द मला दिला होतास, तो परत करायचा हक्क माझा आहे.

मी तुला जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. माझ्या औषधांच्या पैशांसाठी जाऊ नकोस, ती आता लागणार नाहीत. माझ्या टोपीसाठी राहू नकोस. जायचे तर त्या रांगेत उभे राहणे तुला आवडते म्हणून जा. राहायचे तर कॉलेजातला झाडांचा अभ्यास आवडतो म्हणून राहा. सालीवर नुसता हात ठेवून तू पाइन ओळखतोस, ते मी पाहिले आहे. दोन्हीपैकी काहीही केलेस तरी ते मनापासून असू दे. पुढे कधी खांदा ठणकला, तर आपण आपल्या मर्जीने उभे राहिलो होतो, एवढे तरी तुला म्हणता यावे.

कलम आठ. अंत्यविधी आमच्या चर्चमध्ये व्हावा. मला त्याच पिवळ्या पोशाखात पुरावे. टोपी पेटीत मावणार नाही, ती वर ठेवावी. डिकन हरमन स्टॉलवर्थ यांनी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये आणि फुटबॉलचा विषय काढू नये. वॉल्टरच्या वेळी त्यांनी इतके लांबवले, की भाजलेली कोंबडी गार झाली. त्यांना साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावले आहे, म्हणजे आपण हे ऐकलेच नव्हते असे त्यांना म्हणता येणार नाही. ते आत्ता समोर बसले आहेत.

ते म्हणाले, “तीन मिनिटांत माझे नमस्कार-चमत्कारही होत नाहीत, अर्नेस्टाइन.”

“म्हणूनच तीन सांगितली.”

“प्रभूचं नाव तरी घेऊ देशील?”

“तो तुमची तीन मिनिटं ऐकून घेईल. पुढचं त्यालाही झेपत नाही.”

यावर ते हसले नाहीत. त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. शनिवारपर्यंत कोणाजवळ काही बोलणार नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.

कलम नऊ. हे शेवटचे. हे मी गेल्यावर नव्हे, येत्या रविवारी अमलात आणायचे आहे. चर्च सुटल्यावर सर्वांनी गावातल्या शाळेच्या मैदानावर जावे. विद्यापीठाच्या मैदानाएवढे ते नाही, पण थॅडियस उभा राहायला तिथेच शिकला. तिथला लाउडस्पीकर डिकन हरमन यांच्याकडे असतो. त्यांनी आधी थॅडियसचे नाव पुकारावे, मग माझे, आणि बटण बंद करावे. मी पिवळ्या पोशाखात असेन, टोपी घातलेली असेन. थॅडियसने निळा सूट घालावा. मैदानाच्या मधोमध पोचेपर्यंत त्याने घाई करू नये. चालताना त्याने मला डावा हात द्यावा. उजव्या बाजूने मी चालणार नाही.

त्यानंतरचा सोमवार त्याचा.

हे सर्व मला वाचून दाखवले. माझे म्हणणे बरोबर उतरले आहे. माझ्या हाताने सही करते.

(सही) अर्नेस्टाइन टॉलिव्हर

साक्षीदार: (सही) हरमन स्टॉलवर्थ, डिकन. (सही) क्लिओरा बेट्स, शेजारीण.

स्थळ: हॅरोज क्रीक, अलाबामा. गुरुवार, १० जानेवारी २०१९.

वकिलाची नोंद: कलम एकप्रमाणे वरील मजकूर शनिवार, १२ जानेवारी रोजी श्री. थॅडियस टॉलिव्हर यांना मोठ्याने वाचून दाखवला. कलम सातनंतर वाचन बराच वेळ थांबवावे लागले. वाचन पूर्ण झाल्यावर त्यांना काही विचारायचे आहे का, असे विचारले. त्यांनी आजीकडे बघून एकच प्रश्न विचारला, “उद्या किती वाजता?” — रोझालिन पिंकस्टन