संमतिपत्रावर नसलेला अंगठा

माय, परवा नांदेडला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. खुली असते ती, कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावेत. तू असतीस तर पहिल्या रांगेत पदर सावरून बसली असतीस आणि माझ्या लेकीला हे लोक का छळतायत म्हणून सगळ्यांकडे रागानं बघितलं असतंस. तुला जाऊन आठ वर्षं झाली. प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा तू विचारलं होतंस, "आता आनिक किती वर्साची शाळा हाय गं ही?" मी म्हणाले, सहा, आणि बाईमाणसाला दोन वर्षं वाढवून मिळतात. "बाईमानसाला कोन काय वाढवून देतंय," म्हणत तू हसलीस. ती दोन्ही वर्षं मला लागली बघ. लातूरला तासिकेवर शिकवायचं, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल घेऊन नांदेडची बस धरायची, आणि एक सही राहिली की पुन्हा तीच बस.

विषय आपल्या घरचाच होता. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूची आपली गावं उठवून माळावर नवी वसवली, त्या नव्या घरांतल्या बायकांचं जगणं. मला जुनं गाव आठवत नाही, मी चार वर्षांची होते. प्रवेश परीक्षेनंतरचा एक दिवस आठवतो. तू भाकरी थापतेस आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे काय बोलायचं ते पाठ करते आहे. तू वर न बघता म्हणतेस, "त्यात काय एवढं लिव्हायचं? जुन्या गावात दोन घरांत एक भिंत व्हती. हितं दोन भिंती हायेत, आन् मधी रस्ता." आणि भाकरी उलटतेस. मी ते वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतलं.

त्या एका भिंतीत झरोका होता आणि त्यातून शेजारच्या काकूची विरजणाची वाटी यायची, हेही तूच सांगितलेलं. नव्या गावात काकूचं घर रस्त्यापलीकडे गेलं, तरी विरजण तिच्याकडूनच आणायचं. मी नववीत असताना पाहुण्यांनी दह्याची तारीफ केली आणि मी तोऱ्यात म्हणाले, मी लावलंय. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "लावलंय हिनंच. इरजण समोरच्या काकूचं हाय." दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

भाकरीच्या त्या दिवसानंतर दीड महिन्यात तू गेलीस, आणि विषयाला मान्यता आली ती त्याच्याही नंतर. मार्गदर्शक सर म्हणाले, "मुलाखत मान्यतेनंतरचीच पाहिजे. संमतिपत्रावर सही पाहिजे, न्हाईतर अंगठा. त्याबिगर कुणाचं वाक्य घेता येत न्हाई." काकूचा अंगठा माझ्या फायलीत आहे, तुझा नाही. फार रडले होते मी त्या कागदावरून. मग तुझं ते भिंतींचं वाक्य शुद्ध भाषेत करून चौथ्या प्रकरणात माझं म्हणून घातलं. प्रबंध जमा करण्याआधी वाङ्मयचौर्याची तपासणी होते, संगणक उसनी वाक्यं रंगवून दाखवतो. तुझ्या वाक्याला त्यानं हात लावला नाही. तू कुठं छापली होतीस! प्रमाणपत्र स्वच्छ आलं.

परवा बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच पान उघडलं, मोठ्यानं वाचलं. म्हणाल्या, "सगळा प्रबंध या दोन ओळींत आहे. हे तुम्हाला कुठून सुचलं?" मी म्हणाले, "निरीक्षणातून, मॅडम." टाळ्या वाजल्या. सरांची मान ताठ झाली. बसमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईनं डबा उघडला, दही-भाकरी होती. मग लातूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.

किरकोळ दुरुस्त्या करून अंतिम प्रत सोमवारी द्यायची आहे. त्या पानाखाली मी तळटीप घातली: हे वाक्य संशोधकाच्या आईचे आहे, स्वयंपाकघरात बोललेले, संमतिपत्र नाही. सर चिडतील, झालेलं कशाला उकरता म्हणतील. कदाचित पदवी अडकेल, आणि तिच्यावर तर कायम नोकरीची सगळी आशा आहे. तीनदा खोडली, चौथ्यांदा ठेवली. तुझ्याजवळ बसून हे बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं गं. फार आठवण येते तुझी.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. घाबरून खोटं बोलले असते तर तू चार शब्द ऐकवून सोडून दिलं असतंस. पण मी घाबरले नव्हते, माय. परीक्षक बाईंनी विचारलं त्या घटकेला ते वाक्य मला खरंच माझं वाटलं. तू आठवलीच नाहीस.