बाजेवरचे तीनशे हात

५ एप्रिल २०१६, सकाळ
मर्चंट नेव्हीच्या अकॅडमीतून वीस दिवसांच्या सुट्टीवर गावी आलो. परत गेल्यावर लेखी परीक्षा आणि पोहण्याची टेस्ट. लेखीचं टेन्शन नाही. पोहण्याचंही नाही, फक्त येत नाही. इन्स्ट्रक्टर म्हणाले, गावच्या विहिरीत शिकून ये, नाहीतर जहाज विसर. मुंबईच्या माणसाला आमचा आष्टी तालुका काय कळणार! फॉर्मवर ‘पोहता येते’पुढे मीच ‘होय’ लिहिलं होतं. खोटं नव्हे, ॲडव्हान्समध्ये लिहिलं.
संकल्प: रोज पहाटे पाचला पोहणे.

६ एप्रिल, सकाळी ९.१०
उठलो. शिवारातल्या सगळ्या विहिरी बघून आलो. तळ अगदी स्वच्छ दिसतो. आमच्या विहिरीच्या तळाशी शेळी बसली होती.

७ एप्रिल
उपाय सापडला. बाजेवर पालथं पडून हात मारायचे. टेक्निक महत्त्वाचं, पाणी काय, कुठंही मिळतं. (हे आईपुढं बोलू नये.) शंभर हात मारले. आई म्हणाली, बाजंचं सुंब तुटाय लागलंय, नवं कोन विननार? शेजारच्या साखराबाई बघत होत्या. त्यांचं माहेर नदीकाठचं. म्हणाल्या, आमी पाठीला भोपळा बांदून शिकलो, लई सोपं आसतंय. तू कोरड्यात कशाला मरतो? मी म्हणालो, मर्चंट नेव्हीत भोपळा चालत नाही, लाइफ जॅकेट असतं. म्हणाल्या, मंग त्ये तरी काय आसतंय? मी विषय बदलला.

११ एप्रिल
दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव घरी आले. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे. माझा जाहीर सत्कार त्यांनी परस्परच ठरवलाय. बापू, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, आजून परीक्षा व्हायचीय की. चेअरमन म्हणाले, निकालाची वाट बघत बसलं तर सत्काराला मानूस उरत न्हाई. मुद्दा पटला.

१५ एप्रिल
सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. फ्लेक्सवर जहाज आणि पांढऱ्या ड्रेसमध्ये मी. धड दुसऱ्याचं आहे, पण शोभतं. खाली ‘समुद्राचा वाघ, कॅप्टन भारत’. बापूंना माईक दिला. म्हणाले, तीन सालं झाली उसाचं टिपरू न्हाई लावलं, पर पोरगं पान्यावर चाललंय. मग माईक चेअरमनच्या हातात देऊन डोळे पुसत खाली बसले. मी फेटा डोळ्यांवर ओढला. ऊन लागलं असावं.

१८ एप्रिल, दुपार
खऱ्या पाण्याशिवाय गत्यंतर नाही. टँकर एक दिवसाआड येतो, गावच्या विहिरीत पाणी सोडतो, मग बायका शेंदतात. टँकर गेल्यावर बायका यायला सहा मिनिटं लागतात असा माझा अंदाज. उतरलो. पाणी कमरेइतकं. तीन हात मारले आणि तळाचा सगळा गाळ वर आला. मान वर केली तर काठावर चाळीस बायका, घागरी घेऊन. सकाळपासून नंबर लावून बाभळीखाली बसल्या होत्या म्हणे. पिण्याचं पाणी होतं ते. साखराबाई म्हणाल्या, या वाघ, वर या.
शिक्षा: गाळ खाली बसला की सगळ्यांना मीच शेंदून द्यायचं. सुट्टी संपेपर्यंत.

२२ एप्रिल
शेंदण्यानं खांदे तयार होतात. शिक्षा नव्हे, ट्रेनिंगच. बाजेवर तीनशे हात. दम म्हणून लागत नाही. टेस्ट म्हणजे आता औपचारिकता.

२५ एप्रिल
निघालो. एसटीत नगर येईपर्यंत दोन उलट्या. कारण भजी. समुद्राशी संबंध नाही.

२७ एप्रिल
लेखी उत्तम.

२८ एप्रिल
पोहण्याची टेस्ट. एवढं पाणी एका जागी, आणि कुणी शेंदत नव्हतं. बघतच राहिलो. शिट्टी वाजली, उडी मारली, हात सुरू केले. इन्स्ट्रक्टर नंतर म्हणाले, इतके सुंदर हात बघितले नव्हते, आणि इतका सरळ तळाला जाणारा पोरगाही. बाजेवर श्वास कधी घ्यायचा हा प्रश्न आलाच नव्हता. बांबूनं बाहेर काढलं. नापास. पुढची टेस्ट ऑक्टोबरात, तोवर घरी. बाकीची बॅच जहाजावर जाणार.
घरी सांगायचं ठरलंय: जहाज लेट आहे.

३० एप्रिल
येतोय एवढंच घरी फोनवर सांगितलं होतं. गावाजवळच्या कडा इथल्या स्टँडवर उतरलो तर हलगी. चेअरमन हार घेऊन उभे, मतदान परवा आहे. बापू सत्काराचा फेटा बांधून आले होते. जहाज लेट आहे, हे वाक्य एसटीत पाठ केलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात बाजाराला आलेल्या साखराबाई पुढं घुसल्या. म्हणाल्या, काय रं, आलं का पवायला?
न्हाई, म्हणालो.
हलगी थांबली. चेअरमननी हार हळूच पिशवीत घातला.  बापूंनी फेटा सोडून खांद्यावर टाकला आणि माझी बॅग उचलली. मी मागितली, तर देईनात. मला रडू आलं. ऊन नव्हतं.
साखराबाई म्हणाल्या, मरू दी. हिरीला पानी आलं की भोपळा म्या देते. आता पाय उचल, टँकर यायची येळ झाली.
आज शेंदलेल्या घागरी: पंच्याऐंशी. बाजेवर हात: शून्य.