गाडी ऑन द वे आहे

२० जुलै, रविवार
जुनी पेट्रोल गाडी आज विकली. खालच्या मजल्यावरच्या हर्षलने घेतली. किल्ली हसत दिली. सोसायटीतली पहिली इलेक्ट्रिक गाडी माझी असणार, हे कालच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलंय. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आणखी किती वर्षं धूर काढायचा?

सुनीतीचं म्हणणं, नवी दारात आल्यावर जुनी विकायची. तिच्या आईंच्या डोळ्यांत आता दर महिन्याला इंजेक्शन द्यायचंय, पुणतांब्याहून नगरला आणून. चुकवलं तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणालेत. मी म्हटलं, अगं, म्हणून तर नवी घेतोय. आवाज नाही, धक्का नाही, आई एसीत झोपून येतील. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

२३ जुलै
शोरूम. पार्थ नावाचा सेल्समन. हुशार वाटला, वाक्यागणिक सर म्हणतो. छोट्या बॅटरीची पांढरी गाडी समोर उभी होती. आज न्या म्हणाला. मी असा भुलणारा नाही. मोठ्या बॅटरीची पाहिजे. ती नगरला नाही, पुण्यातही नाही, पण ऑन द वे आहे. बुकिंग केलं.

घरी आल्यावर सुनीतीने विचारलं, ऑन द वे म्हणजे नेमकी कुठे? असल्या तपशिलात मी शिरत नाही.

३ ऑगस्ट
टेस्ट ड्राइव्ह, छोटीचीच. विळद घाटाच्या पायथ्यापर्यंत. रेंज नीट कळावी म्हणून एसी बंद, काचा बंद. सुनीतीचा रुमाल पिळायला आला. घाट उतरताना बॅटरी चक्क थोडी भरली. परत चढताना भराभर गळाली. अभ्यासाअंती निष्कर्ष: पुणतांबा नगरपेक्षा खाली आहे, तेव्हा जायची चिंता नाही. येतानाचं बघू.

सुनीती म्हणाली, येतानाच आई गाडीत असणार आहे. मुद्दा विचारात घेतला आहे.

१६ ऑगस्ट
पहिलं इंजेक्शन. नवी गाडी अजून ऑन द वे, म्हणून हर्षलने नेलं-आणलं. माझ्याच गाडीत मी मागे. तिसऱ्या गिअरला ती धक्का देते, हे त्याला सांगितलं. परत सांगितलं. त्याने गाणी लावली.

येताना राहुरीजवळचा चार्जिंग पॉइंट बघायला थांबायला लावलं. ॲपवर उपलब्ध. प्रत्यक्षात त्याला कांद्याच्या गोण्या टेकवून ठेवलेल्या. शेजारी भीमा म्हणून एक ऊसवाले स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीला टेकून चहा पीत होते. त्यांना बॅटरी किती वर्षं टिकते, उन्हात तापते का, पावसात भिजते का, सगळं विचारलं. ते म्हणाले, मास्तर, गाडी लई गुणाची हाय, सगळं सांगतो, पन तुमी घेताय का न्हाई ते आदी सांगा. ग्रामीण भागात शास्त्रीय चौकसपणाची सवय नाही. तोवर आई उन्हात गाडीत बसून होत्या. वाईट वाटलं. पण संशोधनाला वेळ लागतोच.

२४ ऑगस्ट
माझ्या पार्किंगच्या भिंतीवर चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला. वर पाटी: फक्त इलेक्ट्रिक वाहनासाठी राखीव. गाडीआधी चार्जर, याचं काही जणांना हसू येतं. येऊ दे.

२८ ऑगस्ट
सोसायटीच्या गणपतीची सगळी रोषणाई माझ्या पॉइंटवर. मीटरही माझंच. जाब विचारायला खाली गेलो, तर आरतीनंतर अध्यक्षांनी माईकवर माझे आभार मानले. टाळ्या पडल्या. जाब राहिला.

५ सप्टेंबर
सुनीती हल्ली सकाळी ज्ञानेश्वरीबरोबर, म्हणजे हर्षलच्या बायकोबरोबर, फिरायला जाते. चांगली सवय. घाम मात्र येत नाही तिला. काल विचारत होती, चढावर गाडी मागे सरकायला लागली तर आधी काय करायचं? म्हटलं, इलेक्ट्रिकला क्लचच नसतो, काळजी सोड. भाजी चिरायला बसली. तिच्याकडे लग्नाआधीपासून लायसन्स आहे, पण चालवायची वेळ मी तिच्यावर कधी येऊ दिली नाही.

१० सप्टेंबर
पार्थचा फोन. गाडी आली! मोठी बॅटरी, वर निळा रंग. उद्या घेऊन जा म्हणाला. शनिवारी आईंचं दुसरं इंजेक्शन. सगळं कसं जुळून आलं.

रात्री ८. जेवताना लक्षात आलं, पितृपंधरवडा चालू आहे.

माझा अर्थातच विश्वास नाही. पण उद्या काही झालं तर लोक बोलणार, आणि बॅटरी ही मुळातच नाजूक वस्तू. पार्थला कळवलं, घटस्थापनेला नेतो. सुनीती म्हणाली, आईचा डोळा पक्ष पाळत नाही. मी म्हटलं, बाबांचं श्राद्ध तोंडावर आलंय, त्यांना काय वाटेल? ती म्हणाली, मामंजी म्हणाले असते, गाढवा, गाडी आण. आणि ताटावरून उठून गेली.

१३ सप्टेंबर
हर्षल गाडी घेऊन गावाला गेलेला. सुनीती रेल्वेने गेली. येताना रेल्वे लेट, दोघी पोहोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले. इंजेक्शन पुढच्या शनिवारवर गेलं. आईंना आता पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात. आमच्या सोफ्यावर बसून त्या माझा चेहरा शोधत होत्या, आणि मी होतो त्याच्या जरा बाजूलाच बघून बोलत होत्या.

ताट तसंच बाजूला सारलं. स्वतःची लाज वाटली.

नंतर शांतपणे विचार केला. रेल्वे वेळेवर आली असती तर? दोष व्यवस्थेचा आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
परवा इंजेक्शन एकदाचं झालं, हर्षलच्या कृपेने.

आज हार, पेढे आणि नारळ घेऊन रिक्षाने शोरूमला. निळी गाडी नाही. नेवाशाच्या कुणीतरी ऐन पंधरवड्यात नेली. त्याचे पितर पुढारलेले असावेत. म्हटलं, बरं, ती छोटी पांढरी द्या. तीही गेली. पुढचा लॉट ऑन द वे आहे, सर. पेढे पार्थने वाटले. हार परत आणला.

२ ऑक्टोबर, दसरा
वाहनपूजा. वाहन नाही. चार्जिंगच्या पॉइंटला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मेन स्विच बंद करून, मी विज्ञानाचा माणूस आहे. शेजारी हर्षलने माझ्या जुन्या गाडीपुढे नारळ फोडला. पाणी माझ्या पँटवर उडालं. गाडी धुतल्यावर बरी दिसते.

कुठे जाताच येत नाही. शाळा, घर, पार्किंग. आता दुसरी गाडी घ्यावी तर सोसायटीत तोंड दाखवता येणार नाही, आणि हिची वाट बघावी तर सुनीती बोलत नाही. वर्गात पोरं मला ऑन द वे सर म्हणतात असं कळलं. प्रेमाने म्हणत असावीत.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
उठलो तर सुनीती घरात नाही. आज आईंचं इंजेक्शन, म्हणून स्टेशनवर सोडायला लवकर उठलो होतो. खाली आलो. जुन्या गाडीची जागा रिकामी, आणि हर्षल तिथे उभा राहून चहा पितोय. विचारलं तर म्हणाला, वहिनींनाच विचारा. सुनीतीला फोन लावला. उचलला ज्ञानेश्वरीने. म्हणाली, भाऊजी, ताई गाडी चालवतायत, बोलणार नाहीत. आईंना घेतलंय. ऑन द वे आहोत, राहुरी सोडलं.

ऑन द वेला गावाचं नाव जोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी गेटातून आत आली. सुनीतीने ती रिव्हर्सने माझ्या राखीव जागेत एका दमात लावली. मी मागे उभा राहून येऊ दे, येऊ दे करत होतो. काच खाली करून म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा.

आई उतरल्या. भिंत चाचपताना हाताला दसऱ्याची वाळलेली माळ लागली, मग गाडीवर हात फिरवला. म्हणाल्या, घेतलीत का हो मार्तंडराव अखेर? माळबिळ घातलीत. आवाज मात्र जुनीसारखाच आहे हं. एवढ्या लांबवर बॅटरी टिकली ना?

सुनीती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, टिकली, आई.

चहा घेऊन दवाखान्याकडे निघालो. ज्ञानेश्वरी घरी थांबली, पुढे सुनीती आणि आई. मागे मी आणि आईंची पिशवी. तेवढ्यात पार्थचा फोन. सर, गाडी आली, मोठी बॅटरी, आजचा मुहूर्त आहे, कुठे आहात?

आरशात सुनीतीचे डोळे. म्हटलं, ऑन द वे आहे. आणि फोन ठेवला.

सुनीतीने तिसरा गिअर टाकला. गाडीने धक्का दिला नाही.