बदामाखालच्या खुंट्या

जुहू,
ता. १७ मे १९५५

प्रिय गिल्बर्ट,

येशूची कृपा तुझ्यावर असो. आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे बहारीनला तूही बरा असशील असं धरून चालते, कारण नाताळानंतर तुझी एक ओळ नाही. क्लेमेंटचा दमा उन्हाळ्यात जरा दबून असतो, तरी विमानतळावरची रात्रपाळी करून आला की चिडचिड करतो. बायको म्हणून मी ऐकून घेते. नवऱ्याचं ऐकायचं आणि भावाची वाट बघायची, हेच काम उरलंय मला.

इकडची बातमी अशी की गावात एक माणूस येतोय. नाव नंदकुमार, आडनाव विचारलं तर हसतो. दर शनिवारी सांताक्रूझहून बसने येतो, अंगात बुशशर्ट, गळ्यात कॅमेरा. म्हणतो, जुहूवर माहितीपुस्तक लिहितोय, मुंबईला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मी म्हटलं, जुहूत लिहिण्यासारखं काय आहे रे बाबा? वाळू आहे, माड आहेत, रविवारी घोड्यावर बसायला येणारी शहरातली माणसं आहेत आणि सोमवारी त्यांनी टाकलेले भेळेचे कागद आहेत. तर हा गंभीरपणे लिहून घेतो. समुद्र कधी शांत असतो, गोडं पाणी कुठे लागतं, संध्याकाळी वारा कुठल्या बाजूचा. मी सांगितलं, वारा बोंबलाच्या बाजूचा. तेही लिहिलंन.

पाहुण्यांना गोड्या पाण्याशी काय करायचंय, तूच सांग. येतील, पाय भिजवतील, जातील.

गावाला पहिल्या दिवसापासून वाटलं की हा दारूबंदीचा माणूस. मॉनिकाबायची तर झोपच उडाली. तिची भट्टी कुठे आहे ते तुला माहीत आहे, मी लिहीत नाही, पत्रं फोडून वाचतात म्हणे हल्ली. तो तिच्या दारात उभा राहून "घर किती जुनं?" म्हणाला मात्र, बाई आत जाऊन जपमाळ घेऊन बसली. सगळ्या गावाने जे काही होतं ते वाळूत पुरलं. आणि माझं काय झालं असेल? आमचा बाटली मसाला नुकताच कुटून झालेला. बापाच्या वेळच्या बियरच्या बाटल्या, काठीने ठासून भरलेल्या, ओटीवर रांगेने उन्हात ठेवलेल्या. मॉनिका धावत आली. "सेराफिना, वेडी का तू? पोलिसाला लांबून बाटली दिसते, आतली मिरची नाही दिसत." मला हसू आलं, पण भीतीही वाटली. क्लेमेंटची सरकारी नोकरी. मग मी टोपलीत भरून सगळा मसाला वाडीत नेला, पुरायला. मिरची-धण्याला लपवणारं गाव जगात दुसरं नसेल.

वाडीच्या टोकाला, शेजारच्या धोंडूच्या बोंबील वाळवायच्या वलांडीखाली वाळू मऊ आहे, म्हणून तिथे गेले. बदामाच्या बुंध्याशी झावळ्या पडलेल्या होत्या. त्या उचलल्या, तर खाली खुंटी. लाल रंग लावलेली, नवी, खोल ठोकलेली. पुढे अजून एक. मग पुढे अजून. सगळ्यांवर झावळ्या नीट रचलेल्या. माडाची झावळी पडते ती अशी रचून पडत नाही.

मी घरी सांगितलं नाही. क्लेमेंटला सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला समुद्रात उभा केला असता.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि आपणहून वाडी दाखवायला नेलं. केवड्याच्या कुंपणाशी थांबले. म्हटलं, आमचं इथपर्यंत, पलीकडचं धोंडूचं. तो मला समजावायला लागला, जसं काही मीच परगावची. म्हणाला, "नाही बाई, बदामापर्यंत तुमचंच. तुमच्या वडिलांनी ती पट्टी धोंडूच्या बापाला नुसती शब्दावर दिलेली ना, मासळी वाळवायला?"

गिल्बर्ट, हे त्याला कुठून कळलं रे?

नकाशात हद्द असते, हे मला कळतं. नकाशात शब्द नसतो. बापाने हे फक्त आपल्या दोघांना सांगितलं होतं, शेवटच्या दुखण्यात, तू उशाशी आणि मी पायाशी. धोंडूच्या बापाने वादळात आपली होडी वाचवली म्हणून ती जागा दिली, आणि धोंडूला उपकार वाटू नये म्हणून कधी बोलायचं नाही असं बजावलं. धोंडू आजही ती स्वतःचीच समजतो. तिथे त्याची आई बसते, सुना बसतात, त्यांची वर्षाची मासळी तिथे सुकते. धोंडूचा बापही आता नाही. मी क्लेमेंटला सांगितलेलं नाही. मग राहिलं कोण?

चार दिवस मी तुझ्या बाजूने भांडले स्वतःशी. म्हटलं, बोलण्याच्या ओघात निघालं असेल कुणापाशी. तो बिचारा लांब वाळवंटात, त्याला काय ठाऊक. पण त्या माणसाला आपली विहीर ठाऊक होती, बापाचं नाव ठाऊक होतं, आणि जाताना तो म्हणाला, "इथे हॉटेल झालं की तुमच्या क्लेमेंटलाही कामाला लावून घेऊ." आमच्या क्लेमेंटचं नाव मी त्याला सांगितलं नव्हतं.

जमिनीच्या उताऱ्यावर नाव तुझं एकट्याचं आहे. मुलगा म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. सही करायला तुला माझी गरज नाही, हे मला माहीत आहे.

गाव अजून त्याला दारूबंदीचा माणूस समजतंय. मी समजू दिलंय. मॉनिका परवा म्हणाली, "कोणी घरभेद्याने बोलावला असेल त्याला," आणि मी मान हलवली. तुझ्यासाठी हलवली. धोंडू काल ताजे बोंबील देऊन गेला, ते मला गिळवेनात.

खुंट्या मी उपटलेल्या नाहीत. तुझ्या असतील तर तू ये आणि सगळ्यांसमोर उभा राहून सांग की त्या तुझ्या. धोंडूच्या म्हातारीला वलांड काढ म्हणून तूच सांगायचं, नंदकुमारने नाही, मी नाही. महिनाअखेर क्रुसाचा सण आहे, गाव आपल्या अंगणात जेवायला येईल. तोवर मी गप्प आहे. त्या दिवशी जेवणं झाली की मी उभी राहून सांगणार, बापाचा शब्द काय होता आणि तो कोणी विकला.

आणि तू नसशील पाठवलं त्याला, तर तार कर. फक्त "नाही" एवढंच. मी मोठी असून तुझे पाय धरीन, आणि आयुष्यभर मला बोल, मी ऐकून घेईन.

अजून तरी तुझी बहीण,
सेराफिना